मंत्रिमहोदय, आठ महिन्यांची शिष्यवृत्ती कधी देणार?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. थकलेली शिष्यवृत्ती दिवाळीपूर्वी जमा होईल, असं आम्हाला लेखी कळवलं होतं. आता होळी आली. काल फोन केला तर उत्तर मिळालं, 'फाईल वर गेलीय.' वर म्हणजे तुमच्याकडेच ना? म्हणून थेट तुम्हालाच लिहिते.

संशोधनासाठी मी क्वांटम डॉट बनवते, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे अतिसूक्ष्म कण. कॅडमियम सेलेनाइडचा कण दोन नॅनोमीटरचा असला तर निळसर चमकतो, सहाचा असला तर लाल. चंबू तीनशे अंशांच्या आसपास तापवून सेलेनियमचं द्रावण एका दमात सोडायचं, मग दर काही सेकंदांनी सुईने थेंब काढून यूव्ही दिव्याखाली धरायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी... हवा तो रंग आला की आच बंद. पेशीतल्या प्रथिनाला चिकटवलेले हे कण नेहमीच्या रंगद्रव्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चमकतात. २००४ साली अमेरिकेत जिवंत उंदरातली कर्करोगाची गाठ त्यांनी उजळून दाखवली. पण कॅडमियम विषारी. माणसाच्या शरीरात ते सोडायची भीती वाटते. म्हणून मी कार्बनच्या डॉटकडे वळले.

आणि डिसेंबरात आमच्या फ्लोरोमीटरचा, म्हणजे ही चमक मोजणाऱ्या यंत्राचा, झेनॉन दिवा गेला. नव्यासाठी पैसे नाहीत. कुपी डोळ्यांसमोर चमकते, पण किती चमकते ते मोजता येत नाही.

कागदावर मला महिना ४२,००० रुपये मिळतात. प्रत्यक्षात वडिलांनी पडत्या भावात सोयाबीन विकून माझं खोलीभाडं भरलं. एकतिसाव्या वर्षी बापापुढे हात पसरताना काय वाटतं, ते फाईलमध्ये लिहायला रकाना नसतो. घरमालकीणबाई जिन्यात दिसल्या की मी वरच थांबते.

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच क्वांटम डॉटना मिळालं. त्याच वर्षी आपल्याकडे क्वांटम मिशनला, म्हणजे क्वांटम तंत्रज्ञानाच्या केंद्र सरकारी योजनेला, ६,००३ कोटी मंजूर झाले. मग आमचा एक दिवा का येत नाही? संशोधनावर देश जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, वर २०२२ मध्ये विद्यापीठांच्या उपकरणांवरची जीएसटीची सवलतही काढून घेतली. वर्षभर पैसे अडवायचे आणि मार्चअखेरीस 'निधी अखर्चित' म्हणून परत न्यायचे, ही कसली पद्धत?

माझी आठ महिन्यांची रक्कम ३१ मार्चपूर्वी द्या. दिव्याची मंजुरीही द्या. नमुन्यांच्या कुप्या फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. त्यातल्या तीन तळाशी गढुळल्या आहेत.

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी