गोदावरी नाव ठेवलं तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वळणाची मुलींची नावं आज चालतील का असं कुणी विचारलं की सगळे लगेच हो हो म्हणतात, आता परत तीच फॅशन आलीये म्हणतात. आणि उदाहरणं काय देतात, तर सई, रमा, जिजा, मीरा, तारा. चांगलीच आहेत, माझा काही राग नाही. पण बघा जरा, सगळी दोन अक्षरी. इंग्लिश मीडियमच्या हजेरीत अडणार नाहीत, उद्या पोरगी अमेरिकेत गेली तर तिथल्या मॅडमलाही म्हणता येतील, तेवढीच जुनी नावं आपल्याला गोड वाटतात. द्वारका, भागीरथी, अनसूया, गोदावरी म्हणा, की सगळे गप्प.

लिहायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या हाच वाद पेटलाय. भावाला मुलगी झाली आणि आमच्या भावजयीने, म्हणजे आयटीत नोकरी करणाऱ्या, एकोणतीस वर्षांच्या मुलीने, जाहीर करून टाकलं की नाव गोदावरी. नाशिकची पोर, नदीचं नाव, तिच्या पणजीचंही नाव तेच. आता विरोध कुणाचा असेल? आमच्या आईचा! आई म्हणते, धुणंभांड्याला येणाऱ्या बायकांची नावं असतात ही, पोरगी शाळेतून रडत येईल. मी म्हटलं अगं, आपल्याकडे ज्या मावशी येतात ना, त्यांच्या नातीचं नाव मायरा आहे. त्यावर आई दोन मिनिटं काही बोलली नाही आणि मग म्हणाली ते वेगळं.

पण ते वेगळं नाहीच. खरी गोची तिथेच आहे असं मला वाटतं. नाव जुनं आहे म्हणून नकोसं होत नाही, ते नाव आपण कुणाला हाक मारताना ऐकलंय त्यावर ठरतं. रमा म्हटलं की नऊवारीतली, नथ घातलेली, लिहायला शिकणारी बाई डोळ्यासमोर येते, आणि सखू, पारू, ठकू म्हटलं की शेतावरची नाहीतर बाजारात पाटी घेऊन बसलेली. गंगूबाईचं तर काय सांगावं, कॉलेजात साधी वेणी घालून आलेल्या मुलीला आजही "काय गंगूबाई" म्हणतात, इतकं छान नाव पण चिडवायलाच उरलं. म्हणजे जुनी नावं परत येतायत हे अर्धंच खरं, काही ठराविक घरातल्या आज्यांचीच नावं परत येतायत.

दुसरं, आमच्या पिढीच्या नावांना सध्या कुणी विचारत नाही. शोभा, अलका, सुनीता, संगीता, वैशाली कुणी ठेवेल का आज? नाही, कारण आम्ही अजून जिवंत आहोत, बँकेत आहोत, भिशीत आहोत, सोसायटीच्या मीटिंगला भांडतोय. पणजीला मात्र कुणी धड बघितलेलं नसतं त्यामुळे तिचं नाव कोरं करकरीत वाटतं. अजून चाळीस-पन्नास वर्षांनी एखादी आई हौसेने मुलीचं नाव संगीता ठेवेल आणि तिची सासू कपाळाला हात लावेल, बघाच.

आता गोदावरीबद्दल. आईचं म्हणणं हे गरिबाचं नाव. बरं, मग गोदावरी परुळेकर कोण होत्या? १९४५ साली डहाणू-तलासरीकडे वारल्यांची वेठबिगारी मोडायला उभ्या राहिल्या त्या बाई, स्वतः वकिलीची डिग्री घेतलेल्या. आज सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे तिला गोदूताईंचं नाव आहे. गरिबांनी आपलंसं केलेलं नाव आहे ते, यात लाज वाटण्यासारखं काय मला तरी कळलं नाही.

आणि दुसरी गोदू आठवली. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला त्या विधवा गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, बाया कर्वे म्हणून ओळखतात सगळे. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्यापण माहेरच्या यमुनाच! आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले सासरी जाऊन लक्ष्मीबाई टिळक झाली. म्हणजे आपण आज ज्यांच्या नावावरून मुलींची नावं ठेवतो त्यातली बरीच नावं मुळात त्यांची नव्हतीच, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेली होती. आमच्या आजीचं पण तसंच. शाळेच्या दाखल्यावर द्वारका, रेशनकार्डावर सुशीला. म्हातारपणी एका कचेरीत पेन्शनच्या कामाला गेलो तर तिथला माणूस म्हणे या दोन बाई वेगळ्या आहेत, मग अ‍ॅफिडेव्हिट, साक्षीदार, दोन फेऱ्या, आणि आजी आपली खुर्चीत बसून सगळ्यांना सांगत होती अरे मीच आहे ती. द्वारका नाव तिला वापरायला मिळालं ते जेमतेम बारा-तेरा वर्षं. अशी कित्येक नावं माहेरीच राहून गेली, त्यामुळे ती "फार वापरून जुनी झाली" असं म्हणणाऱ्यांचं मला हसूच येतं.

एक गंमत पण सांगते. मनुस्मृतीत लिहिलंय की नदीचं, नक्षत्राचं, झाडाचं नाव असलेली मुलगी बायको करू नये. आणि आपल्याकडे बघा, गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, रेवती, रोहिणी, स्वाती, तुळसा, घरोघर तीच! आपल्या लोकांनी ते कधी मनावर घेतलंच नाही, बरं झालं.

जुनं सगळंच उचला असं माझं अजिबात म्हणणं नाही हां. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकुशी नाव ठेवायचे, साताऱ्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींचं प्रशासनाने एकत्र बारसं करून नावं बदलली होती. सिंधुताई सपकाळांना लहानपणी चिंधी म्हणायचे. असली नावं गेली ती चांगलंच झालं, त्यांच्यासाठी कुणी गळा काढू नये. पण ज्या नावात काहीच वाईट नाही ते फक्त लांब आहे, "बाई" लावून ऐकलंय, म्हणून टाकून द्यायचं हे मला पटत नाही. लांब नाव असेल तर गोदा म्हणा, गोदू म्हणा, हाक मारायला कितीसा वेळ लागतो. रियांशी नि अनायराचं पण घरात शेवटी चिऊ नि पिल्लूच होतं ना.

शाळेत चिडवतील हा मुद्दा मी मान्य करते, चिडवतील. पण मुलं कशावरूनही चिडवतात, आमच्या वर्गात स्नेहल नावावरून पण चिडवायचे. आणि एका वर्गात चार-चार आराध्या असताना बाई त्यांना आराध्या के आणि आराध्या पी म्हणतात, ते काय फार भारी आहे का? गोदावरी अख्ख्या शाळेत एकच असेल.

आत्या म्हणून बारशाला कानात कुर्र करायचा मान माझा आहे आणि मी आईला सांगितलंय की मी गोदावरीच म्हणणार. जन्माची नोंद केली आहे, नावाचा रकाना मोकळा ठेवलाय, वर्षभरात फुकट नाव घालता येतं म्हणून भाऊ निवांत आहे. शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना राज्यात कागदपत्रावर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लावणं सक्तीचं आहे, त्यामुळे भावजय म्हणते माझं नाव पण पुढे लागणारच आहे तर दोन्ही नावं माझ्या पसंतीची असू देत. आई अजून गौरी वर अडून आहे, मधला मार्ग म्हणे.

तुमच्या वाचकांपैकी कुणी गेल्या पाच-सात वर्षांत मुलीचं नाव गोदावरी, भागीरथी, द्वारका, अनसूया असं पूर्ण, न छाटता ठेवलं असेल तर प्लीज लिहा. शाळेत काय झालं, मुलीला स्वतःला आवडतं का, आजी-आजोबा किती दिवसांनी वळले. आईला वाचून दाखवायचंय, बारसं पुढच्या महिन्यात आहे.

आपली,
एक आत्या, नाशिक रोड