पापासाठी राखून ठेवलेली तरतूद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ आला की धार्मिक सदरांतून ‘पाप सोडा, देवाकडे वळा’ असे आवाहन हमखास छापून येते. आवाहनाबद्दल तक्रार नाही. पण वळायचे म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्यात क्वचितच असते, आणि मनापासून निर्णय घेतलेली माणसे तिथेच अडतात.

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) पाप कसे वाढते याचा क्रम दिला आहे. वासना ओढते आणि भुलवते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पूर्ण वाढलेले पाप मरण आणते. आपण पहारा बसवतो तो कृती होऊ घातली असताना. तोवर मन केव्हाच राजी झालेले असते. इस्राएलाचा राजा दावीद याची हकिगत (२ शमुवेल ११) या नजरेने वाचावी. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत तो यरुशलेमेत मागे राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला स्नान करणारी स्त्री दिसली. त्याने चौकशी करवली आणि ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे, असे उत्तर आले. थांबायला याहून स्पष्ट जागा कोणती हवी होती? तरी त्याने माणसे पाठवून तिला आणवले. पुढे ती गरोदर राहिल्यावर ते लपवण्यासाठी उरीयाला आघाडीवरून बोलावून घरी धाडण्याचे प्रयत्न फसले आणि अखेर त्याच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र त्याच्याच हाती दिले गेले. ती स्त्री नजरेला पडली, हे पाप नव्हते. मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे. येशूचीही रानात ४० दिवस परीक्षा झाली. हा फरक न समजल्यामुळे हळव्या मनाची माणसे नुसत्या विचाराने खचतात आणि ‘पडलोच आहे तर आता काय’ म्हणत पुढची पायरी उतरतात.

तेव्हा पहिले काम तरतूद मोडण्याचे. देहवासनांसाठी तरतूद करू नका, असे प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो (१३:१४). तरुणपणी ‘मला संयम दे, पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना करणाऱ्या, पुढे बिशप आणि संत झालेल्या ऑगस्टीनचा निर्णय ३८६ साली मिलानमध्ये याच ओळी वाचून पक्का झाला. आपली तरतूद कागदावर लिहून काढावी: कोणती वेळ, कोणती जागा, कोणाची संगत, मोबाइलवरचे कोणते ॲप, आणि थकवा, एकटेपणा, अपमान यांपैकी कशानंतर. एखादा नंबर ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून ठेवला असेल, तर तीच तरतूद. उत्पत्तीच्या पुस्तकात पोटीफराच्या घरी गुलाम असलेला योसेफ त्याच्या बायकोच्या मागणीला रोज तोंडाने नकार देत होता, पण तिने वस्त्र धरले तेव्हा ते तिच्या हाती सोडून पळाला.

मग कबुली. ‘कळत-नकळत काही चुकले असेल तर क्षमा कर’ ही कबुली नव्हे, त्यात कबूल काहीच केलेले नाही. खोटे बोललो, पैसे लाटले, अमक्याची बदनामी केली, असे पापाचे नाव घ्यावे. कॅथलिक पंथात पापनिवेदन करताना गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायची असते, ती याचसाठी. प्रॉटेस्टंट परंपरेत कबुली थेट देवापाशी असते, पण एकमेकांजवळ पापे कबूल करा, हे याकोबाचे सांगणे (५:१६) तिथेही आहेच. त्यासाठी तोंड बंद ठेवणारे एकच प्रौढ माणूस निवडावे. प्रार्थना-गटात सांगितलेले बोलणे ‘प्रार्थनेचा विषय’ होऊन गावभर फिरते.

भरपाईबद्दल मात्र बोलले जात नाही, आणि माझ्या मते खरी निवड इथेच कळते. लेवीय ६:५ प्रमाणे बळकावलेले परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा, म्हणजे १०० घेतले असतील तर १२०. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याची तयारी दाखवली, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. ख्रिस्ती माणसाला हा दर बंधनकारक आहे असे नाही. पण रक्कम स्वतःकडे ठेवून नुसते डोळे पुसणे हा पश्चात्ताप होत नाही. अपवाद एवढाच की, कबुलीमुळे तिसऱ्याचे घर मोडणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलावे.

रिकामी झालेली जागा भरावीही लागते. झाडून-सजवून रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो (मत्तय १२:४३-४५). पौलाच्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (४:२८) चोराला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: चोरी थांबव, हातांनी कष्ट कर, गरजूला दे. आपण पहिलीवरच थांबतो आणि पुन्हा का घसरलो म्हणून नवल करतो.

रोजच्या तपासणीसाठी येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याची रीत साधी आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी निश्चय, दुपारी आणि रात्री आढावा, आणि जितक्यांदा पडलो तितक्या खुणा वहीत. दहा दोष एकदम घेणाऱ्याचा एकही सुटत नाही. खुणा कमी झाल्याचा गर्व किंवा वाढल्याची निराशा येऊ लागली, तर वही काही दिवस बाजूला ठेवावी.

‘संपूर्ण मनाने’ म्हणजे कधीच न पडणे, असा अर्थ काढून लोक उगीच घाबरतात. जमीन विकून पैसे मंडळीला देणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची (प्रेषितांची कृत्ये ५) जमीन त्यांचीच होती, आणि विकल्यावर पैसाही त्यांच्याच हाती होता, हे येशूचा शिष्य पेत्रच सांगतो. त्यांनी काही भाग ठेवून घेतला आणि सगळेच दिले असे भासवले. आजही घोळ तिथेच होतो. दिले नसेल, तर ‘हे अजून सोडवत नाही’ असे देवापुढे स्पष्ट म्हणावे. ती खरी प्रार्थना आहे.

पडल्यावर ‘आधी लायक होऊ, मग प्रार्थना करू’ म्हणून आठवडा घालवू नये. त्याच दिवशी परतावे. दारू, जुगार किंवा अश्लील चित्रफितींचे व्यसन जडले असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर आणि समुपदेशकही हवेत. त्यांच्याकडे जाण्याने विश्वास उणा पडत नाही, आणि तो उणा पडतो असे सांगणाऱ्याचा सल्ला घेऊ नये.

आपला,
एक वाचक