चार क्रियापदांत मावणारं तोलेदो

पुणे

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्पॅनिशच्या वर्गात शहराचं वर्णन लिहायला सांगितलंय आणि शब्द पुरत नाहीत म्हणतोस. पुरतील रे. फक्त 'ला थिउदाद एस बोनिता', म्हणजे शहर सुंदर आहे, यावर थांबू नकोस. त्यातून कुठलंच शहर डोळ्यांसमोर येत नाही. एक खरं शहर धर. माझं ऐकशील तर स्पेनमधलं तोलेदो घे.

पहिलं वाक्य, 'तोलेदो एस उना थिउदाद आंतिग्वा'. जुनं शहर आहे हे. थिउदाद स्त्रीलिंगी म्हणून आंतिग्वा. पूल, म्हणजे प्वेंते, पुल्लिंगी, तिथे आंतिग्वो. जुना पूल, जुनी गल्ली असं लहानपणापासून बोलणाऱ्या तुला हे जड जाऊ नये. मग जागा सांग: 'एस्ता थेर्का दे माद्रिद', माद्रिदजवळ आहे. माद्रिदहून वेगवान गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. गाव जागचं हलत नाही, तरी ठिकाण सांगताना 'एस' चालत नाही, 'एस्ता'च लागतं. हे पाठच करून टाक.

या दोन क्रियापदांतली खरी गंमत तिथल्या रस्त्यांवर कळते. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर सगळं जुनं गाव दाटीवाटीने वसलंय. त्यामुळे 'लास काय्येस सोन एस्त्रेचास', रस्ते अरुंद आहेत, आणि ते अरुंदच राहणार. पण दुपारी बाहेरगावचे लोक येतात तेव्हा 'लास काय्येस एस्तान य्येनास दे हेंते', माणसांनी भरलेले. संध्याकाळी बरेचसे लोक माद्रिदला परततात, तेव्हा तेच रस्ते 'एस्तान त्रान्किलास', शांत. 'सोन' हे 'एस'चं अनेकवचन, 'एस्तान' हे 'एस्ता'चं. रस्ते तेच, पण त्यांचा स्वभाव 'सोन'ने सांगायचा आणि त्या वेळची अवस्था 'एस्तान'ने. मला तर स्पॅनिशमधली ही सोय फार आवडते. एवढ्याशा व्याकरणात शहराची दुपार आणि रात्र वेगळी दाखवता येते!

'आय', म्हणजे इथे अमुक आहे असं सांगणारं क्रियापद, सोपं आहे, ते एकवचनात आणि अनेकवचनात बदलत नाही. 'आय उना कातेद्राल', एक कॅथेड्रल (मुख्य चर्च) आहे; 'आय मुचास इग्लेसिआस', पुष्कळ चर्च आहेत. मात्र त्याच्यापुढे 'ला कातेद्राल' लावू नकोस. आधी 'आय उना' म्हणून ओळख करून दे, मग 'ला कातेद्राल एस्ता एन एल थेंत्रो', ते कॅथेड्रल मध्यभागी आहे, असं ठिकाण सांग. या कॅथेड्रलचं बांधकाम 1226 साली सुरू झालं, पण वर्षं लिहायची घाई नको, भूतकाळ अजून शिकवला नसेल. शहराकडे काय काय आहे ते 'तिएने'ने सांग: 'तोलेदो तिएने दोस प्वेंतेस आंतिग्वोस', दोन जुने पूल, आल्कान्तारा आणि सान मार्तिन. आणि जे नाही तेही लिही, 'नो आय प्लाया', समुद्रकिनारा नाही. नकारानेही शहर दिसतं.

हे जमलं की साताऱ्यावर लिही. अजिंक्यतारा कुठे आहे, पायथ्याच्या पेठा कशा आहेत, पावसात रस्ते कसे होतात. 'एस' कुठे आणि 'एस्ता' कुठे, हे तुझं तूच ठरव आणि मला पाठव. मी लाल शाईने तपासून परत पाठवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर