येशू रागावेल असं मुलांना सांगू नकोस

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र मिळालं. पोरं चार आणि सहा वर्षांची, त्यांना ख्रिस्ती गुण घरी कसे शिकवायचे, संडे स्कूल आहे ते पुरे नाही का असं विचारलंयस, तर मला ठामपणे वाटतं की नाही पुरत. संडे स्कूल आठवड्यातून एकदाच, भांडणं मात्र रोज आणि घरातच, आणि सहनशीलता, क्षमा शिकायची खरी वेळ ती भांडणाचीच असते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 6वा अध्याय काढून बघ, देवाच्या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवायच्या त्या घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. वेगळा क्लास घ्यायलाच नको.

पण एक कळकळीने सांगतो, "असं केलंस तर येशू रागावेल" हे वाक्य घरात येऊ देऊ नकोस. जेवण संपव नाहीतर रागावेल, झोप नाहीतर रागावेल, आपल्याला सोयीचं पडतं म्हणून आपण देवाला पोलिस करून टाकतो आणि मग पोरगं चुकलं की ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याच्यापासूनच लपायला लागतं. मार्क 10 मध्ये येशू रागावला तो मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर, मुलांना तर त्याने कवेत घेऊन आशीर्वाद दिला. हा भाग त्यांना आधी वाचून दाखव, बाकीचं नंतर.

आणि तो तक्ता. गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायातलं आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्याने माणसात येणारे गुण, प्रीती, आनंद, शांती ते इंद्रियदमन, नऊच्या नऊ भिंतीवर लावून रोज स्टार द्यायचे म्हणतोयस, मला नाही पटत रे. पोरं स्टारसाठी शहाणी वागतील आणि कोणी बघत नसेल तेव्हा सोडून देतील. एका वेळी एकच गुण घे, त्याची गोष्ट सांग आणि मग प्रसंगाची वाट बघ, प्रसंग येतोच.

आमच्याकडे धाकटीने दादाचं चित्र फाडलं आणि "सॉरी" ओरडून पळाली. तिला जक्कयाची, म्हणजे लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराची, गोष्ट माहीत होती, येशूला बघायला झाडावर चढलेला म्हणून फार आवडते, तर तिला एवढंच विचारलं की येशू घरी आल्यावर जक्कय काय म्हणाला? चौपट परत देईन म्हणाला ना. ती गेली, टेप आणली, वेडंवाकडं का होईना चिकटवलं आणि वर स्वतःचा एक कोरा कागद दादाला दिला. तो मात्र बराच वेळ फुगून होता आणि त्याला आम्ही "लगेच माफ कर" असं दामटवलं नाही, दुखलंय त्याला, वेळ लागणारच. पण येशू जक्कयाच्या घरी गेला तो जक्कय सुधारायच्या आधी, हे मुलांना नक्की दाखव, प्रेम आधी मिळालं मग माणूस बदलला, मला तर सगळं शिक्षण यातच आहे असं वाटतं.

कृतज्ञतेसाठी लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी, बरे झाले दहा आणि आभार मानायला परत आला एकच. रात्री प्रार्थनेआधी विचारायचं, आज कोणाकडे परत जाऊन थँक्यू म्हणायचं राहिलं? द्यायचं शिकवताना पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवाला मुलगा घे, येशूने लोकांना जेवू घातलं तेव्हा त्याने जवळचंच दिलं होतं, म्हणून तू विकत आणलेलं त्यांच्या हातून देऊ नकोस, त्यांचं स्वतःचं काहीतरी त्यांनाच निवडू दे.

तुझ्या आईलाही यात घे ना. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचं नाव घेऊन लिहितो. आजीची प्रार्थना पोरं जितक्या शांतपणे ऐकतात तितकं आपलं बोलणं ऐकत नाहीत.

अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट, देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो ती, धाकट्याला एवढ्यात नको, घाबरेल. थोरल्याने विचारलं तर देवाने इसहाकाला वाचवलं इथपर्यंत नक्की सांग, मधेच थांबू नकोस. ते काय काय प्रश्न विचारतात ते मला लिही, जमेल तसं दोघं मिळून उत्तरं शोधू. वहिनींना सलाम, पोरांना खूप प्रेम.

तुझाच मित्र