आक्का, त्या कपड्यांबद्दल

तीर्थस्वरूप आक्कांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून नणंदेच्या हाती दिलं असतं, तर तुम्ही ‘एवढं काय त्यात’ म्हणून ते पिठाच्या डब्यामागं सारलं असतं. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आणखी एक कारण आहे. २५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत घुसलं. माझी मावसबहीण तिथं तळमजल्यावर राहते. पाणी ओसरल्यावर तिचा फोन आला, ‘ताई, सगळे कपडे गटारीच्या पाण्यात बुडालेत, आता काय करू?’ मी तिला बराच वेळ सांगत होते, आणि त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. सगळं तुमचं होतं.

आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टात काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं ‘त्या वेळेएवढं येईल, त्याच्या वर कुठलं येतंय’ म्हणून थांबली होती. सांगलीतला आमचा शामरावनगरचा भाग तर सखल. इथं नदी दारात यायच्या आधी गटारी उलट्या फिरतात. बाथरूमच्या जाळीतून आधी बुडबुडे येतात, मग संडासाच्या भांड्यातून पाणी वर येतं. पुराचं पाणी आणि मैल्याचं पाणी असा फरक मग उरत नाही. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला नणंदेकडं आलो. घरात पाणी आठवडाभर होतं.

परत गेलो तेव्हा लोखंडी कपाटाची दारं गंजून बसली होती. पहारीनं उघडावी लागली. आतले कपडे एकमेकांना चिकटून त्यांचा एक काळा गठ्ठा झाला होता, आणि वास असा, की शेजारचे तरुण पोरगेही उंबऱ्यातून मागं फिरले. गल्लीत जेसीबी फिरत होता, लोक गाद्या, सोफे, कपडे सगळं रस्त्यावर ढकलत होते. आमच्या ह्यांचंही म्हणणं तेच, ‘ढकल सगळं.’ सासूबाई मात्र एकेक पदर ओढून बघत होत्या. सगळं टाकायचं की सगळं ठेवायचं, एवढ्याच दोन वाटा आम्हाला दिसत होत्या.

तुम्ही नणंदेच्या शेजारच्या. ओळख म्हणाल तर हळदीकुंकवापुरती. दवाखान्याच्या धुलाईखात्यात तुमचा जन्म गेलाय हे मला तोवर माहीतही नव्हतं. तुम्ही निरोप धाडला, ‘छोटा हत्ती करून आमच्या परड्यात आणून टाका. बोअरला पाणी हाय.’ सांगलीत नळाला पाणी नव्हतं, टँकरच्या पाण्यात पिण्याचं आणि भांड्यांचं भागत नव्हतं. त्या वेळी बोअर कुणाच्या घाणेरड्या कपड्यांसाठी मोकळं करून देणं म्हणजे काय, हे पूर पाहिलेल्या माणसालाच कळेल.

टेम्पो आला तेव्हा तुम्ही कपड्यांकडं बघितलंच नाहीत. आधी आमचे हात बघितलेत. तळवे पालथे करून, नखांच्या कडा दाबून. माझ्या अंगठ्याला कपाटाचा पत्रा लागला होता, तर मला धुण्याला हातच लावू दिला नाहीत. ‘लेप्टो हुतो. तू वाळत घालायचं काम कर,’ म्हणालात. लेप्टो म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप. बाकीच्यांना रबरी हातमोजे, पायात गमबूट, तोंडाला फडकं. मग परड्याचे दोन भाग केलेत. चिंचेकडची बाजू घाण, विहिरीकडची स्वच्छ. कपडा इकडून तिकडं जाईल, उलटा येणार नाही, आणि इकडच्या हातांनी तिकडच्या दोरीला शिवायचं नाही. तुमच्या धुलाईखात्यातली ही शिस्त तुम्ही जशीच्या तशी परड्यात मांडलीत. सोवळ्या-ओवळ्याच्या सगळ्या प्रकारांत मला पटलेलं हे एकच.

निवड तुम्ही कशी केलीत, ते मला जास्त सांगायचंय. आम्ही बायका साड्यांकडं धावलो. तुम्ही विचारलंत, ‘पोरं शाळेत काय घालून जाणार?’ आधी शाळेचे गणवेश, आतले कपडे, टॉवेल, चादरी. मग रोजच्या साड्या, शर्ट-पँटी. शालू-पैठण्या सगळ्यात शेवटी, आणि त्याही तुमच्या पद्धतीनं. गाद्या-उशा तर टेम्पोतून खालीही उतरू दिल्या नाहीत. ‘कापूस घाण पितो आणि परत देत न्हाई.’ पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊ, उन्हात टाकू, असं सासूबाई म्हणत होत्या. तुम्ही ऐकलं नाहीत. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, ‘हे टाका’ असं कुणीतरी बाहेरच्यानं ठाम सांगणं हीच मोठी मदत होती. घरातल्या कुणी ते सांगितलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

धुण्याची रीत मी इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी नुसत्या गार पाण्याचा मारा, पाइप लावून, गाळ सुटेपर्यंत. घासायचं नाही, साबण नाही, गरम पाणी तर मुळीच नाही. ‘आधी गरम घातलं की डाग शिजतो.’ गाळ गेला की चुलवणावरचं कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि पावडर, त्यात सुती कपडे भिजत. ते पाणी काळं झालं की ओतायचं आणि पुन्हा तेच. मग पांढऱ्या सुती कपड्यांना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ही महापालिका गटारींवर मारते तीच पावडर. आमच्या ह्यांनी मूठभर घेऊन थेट कपड्यांवर टाकायला हात उचलला, तुम्ही वरच्या वर धरलात. आधी वेगळ्या बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी घ्यायची. खडा कपड्यावर राहिला की तिथं भोक पडतं. आणि संडास धुवायचं ॲसिड त्या पाण्याच्या आसपाससुद्धा आणायचं नाही, विषारी वायू सुटतो. ही शेवटची गोष्ट मी मावसबहिणीला सगळ्यात आधी सांगितली. घाण वासानं वैतागलेला माणूस हाताला लागेल ती बाटली ओततो.

कपाटाच्या गंजाचे तांबूस डाग मात्र टीसीएलनं उलट पक्के होतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यांना लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायचं, तेही टीसीएलच्या आधी, आणि मधे खळखळून विसळून. मामंजींच्या धोतरांवर आम्ही ते करत बसलो होतो. दोन धोतरं साफ निघाली, एकाचा डाग अजून आहे. ते नेसतात.

रेशीम आणि लोकर यांना टीसीएल लावलं तर धागाच विरघळतो, म्हणून त्यांची बादलीही वेगळी. गार पाणी, रिठ्याचा फेस, पिळणं नाही, सावलीत वाळवण. घोंगडं तुम्ही आडवं अंथरून वाळवलंत, टांगलं असतं तर ओझ्यानं ताणलं असतं. माझ्या लग्नाचा शालू राहिला नाही. घडीच्या रेषांवर तो फाटतच गेला, आणि काठाचा लाल रंग अंगभर उतरला. तुम्ही तो दोन बोटांनी उचलून माझ्याकडं बघितलंत, काही बोलला नाहीत, आणि मीच तो टाकायच्या ढिगात नेऊन ठेवला.

वाकळेबद्दल सासूबाईंनी खास लिहायला सांगितलंय. ती त्यांच्या आईनं शिवलेली, लुगड्यांच्या थरांची. वरून धुतल्यावर छान दिसत होती. आम्ही वाळत घालणार, तेवढ्यात तुम्ही मधोमध दोन्ही तळव्यांत धरून दाबलीत. बोटांच्या फटीतून काळं पाणी आलं. ‘ही उसवायची,’ म्हणालात आणि ब्लेड घेऊन बसलात. धावदोऱ्याचे ते बारीक टाके काढायला दुपार गेली. थर सुटत गेले तशा सासूबाई सांगायला लागल्या: हे इरकल आईचं, हे आत्याचं, हे माझ्या बारशातलं. मधले थर कुजून हातात येत होते, ते गेले. वरचे-खालचे धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात उलटसुलट वाळले. त्या हिवाळ्यात सासूबाईंनी त्यांची पुन्हा वाकळ शिवली. पातळ झालीय, पण नातू तीच मागतो.

मदतीच्या कपड्यांचंही बोलून टाकते. महाराष्ट्रभरातून ट्रक आले, देणाऱ्यांचं मन मोठं. पण त्यात फाटक्या साड्या, पार्टीचे झगे किती, आणि आतले नवे कपडे, टॉवेल किती! नको असलेल्या कपड्यांचे ढीग शेवटी चौकात भिजत पडले. तुम्ही मात्र बाजारातून पोरींसाठी नव्या चड्ड्या आणल्यात आणि पिशवी गुपचूप माझ्या हातात दिलीत.

मावसबहिणीनं चादरी, गणवेश, टॉवेल वाचवले, गाद्या टाकल्या, आणि तिच्या सोसायटीतल्या तीन घरांना निवळ काढायला शिकवलं. त्या बायका विचारतात, ‘तुझी ती मिरजेची आक्का कोण?’

पैशाचा विषय तुम्ही काढू देत नाही. सोड्याचे, रिठ्याचे, मोटारीच्या बिलाचे पैसे मी हिशेबानं धरून ठेवलेत आणि ते तुम्ही घेणार नाही हेही धरून चाललेय. म्हणून दुसरं मागणं आहे. आमच्या गल्लीच्या बचत गटात पस्तीस बायका आहेत. मिरगाच्या आधी एक दुपार आम्हाला द्या. बादल्या, टीसीएल, जुनी धडुती सगळं आम्ही मांडून ठेवू, तुम्ही फक्त खुर्चीवर बसून कोण चुकतंय ते ओरडायचं. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, दारातून दारात गाडी आणीन. वार तुम्ही सांगा. सोमवारी तुमचा उपास असतो, तो सोडून.

आपली,
शामरावनगरची सून