उज्जीया राजाची कथाही सांगा

महोदय,

बायबलमधील गर्विष्ठ राजांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. नबुखद्नेस्सर, बेलशस्सर, हेरोद अशी ठरलेली नावे त्यात आहेत आणि ‘गर्वाचे घर खाली’ म्हणून लेख आटोपतो. जुलमी सत्ताधीशाचा माज उतरला की वाचणाऱ्याला बरेच वाटते. पण चांगल्या राजाचे काय? यहूदा राज्याच्या उज्जीया राजाचा उल्लेख लेखात नाही, याची मला फार रुखरुख लागली.

त्याचा बाप अमस्या अदोमी लोकांना हरवून फुगला आणि इस्राएलाच्या राजाला लढाईचे आव्हान देऊन बसला. बेथ-शेमेशला त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली, तो स्वतः पकडला गेला आणि यरुशलेमचा तट एफ्राईम वेशीपासून कोपरावेशीपर्यंत ४०० हात पाडला गेला. पुढे उज्जीयाने त्याच कोपरावेशीवर बुरूज बांधले. बापाच्या गर्वाने काय झाले हे त्याला कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या या राजाने ५२ वर्षे राज्य केले. त्याने रानात पाण्याच्या टाक्या खोदल्या, द्राक्षमळे लावले. त्याला शेतीची आवड होती, असे बायबलमधील ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात मुद्दाम नोंदवले आहे. ३ लाख ७ हजार ५०० सैनिकांना ढाली, भाले, चिलखते पुरवणारा, बुरुजांवर बाण आणि मोठे धोंडे फेकणारी यंत्रे बसवणारा असा कर्तबगार राजा कोणत्या प्रजेला नको असेल?

आणि बळ वाढल्यावरच त्याचे मन चढले. धूपाटणे घेऊन तो थेट मंदिरात शिरला. धूप जाळण्याचा अधिकार फक्त अहरोनाच्या वंशातील याजकांचा होता, राजाचा नव्हे. अजऱ्या याजक ८० याजकांना घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला आणि ‘हे तुझे काम नाही, बाहेर हो’ असे त्याने राजाला तोंडावर सांगितले.

इथे मजकूर सावकाश वाचावा. राजाने मंदिरात पाऊल टाकले तेव्हा त्याला काहीच झाले नाही. धूपाटणे हातात धरून तो याजकांवर संतापला, तेव्हा धूपवेदीजवळ त्याच्या कपाळावर कोड, म्हणजे कुष्ठरोग, उठला. अजऱ्याचे ऐकून तो मागे फिरला असता तर वाचला असता, असे मला मनापासून वाटते. मर्यादा ओलांडण्यापेक्षाही अडवणाऱ्यावर चवताळणे त्याला भोवले. गर्वापायी राज्य गमावलेल्या नबुखद्नेस्सराने स्वर्गाकडे डोळे लावले आणि त्याचे राज्य त्याला परत मिळाले. उज्जीया मात्र मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला आणि कारभार मुलाने, योथामाने पाहिला.

एक मात्र कळकळीने सांगतो. प्रवचनात ही कथा सांगताना कुष्ठरोग म्हणजे पापाची शिक्षा असे कोणी सुचवू नये. जन्मांध माणसाबद्दल ‘पाप कोणी केले?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाणार असेल तर उज्जीयाला जागा द्यावी. आणि त्याच्याबरोबर त्या ८० याजकांनाही द्यावी. सैन्य राजाचे होते, तरी ते वाटेत उभे राहिले. ग्रंथ त्यांना शूर म्हणतो.

– एक वाचक, अहिल्यानगर