मूकनाट्याला गाण्याचं ठिगळ कशाला?

मा. संपादक,

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची बातमी आपल्या अंकात वाचली. मूकनाट्याच्या वाट्याला एकच ओळ आली: 'विद्यार्थ्यांनी सामाजिक संदेश दिला.' मी तिथे होते. बघण्यासारखं होतं ते वेगळंच, म्हणून हे पत्र.

मी अमळनेरला खापरावरच्या, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरच्या, पुरणपोळ्या ऑर्डरप्रमाणे करून देते. त्या दिवशी एका मुलीने स्टेजवर नुसत्या हातांनी तीच पोळी केली. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरलं, कडा दाबल्या आणि पोळी या हातावरून त्या हातावर झेलत पार कोपरापर्यंत नेली. बोटांची टोकं जपून आत वळवलेली, कारण नख लागलं की पोळी गेलीच. खापरावर टाकताना धग लागावी तशी मान मागे घेतली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माय व!" एक मात्र राहिलं. पोळी टाकली की हात एकदम हलके होतात, तिचे तसेच जड राहिले. वजन गेल्यावर अंग कसं सुटतं, तेही दिसायला हवं.

तेवढ्यात स्पीकरवर आईच्या मायेचं गाणं लागलं आणि मागोमाग जड आवाजात निवेदन: 'स्त्रीचे कष्ट कोणाला दिसतात?' अहो, आम्हाला दिसतच होते की!

भाचा सांगतो, विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत मूकनाट्याला सहा जण आणि पाच मिनिटं मिळतात. एवढ्याशा वेळात गाणं घुसलं तर पोरांनी करायचं काय? त्यानेच मोबाइलवर मार्सेल मार्सो दाखवला. या फ्रेंच कलावंताने १९४७ मध्ये 'बिप' हे पात्र उभं केलं: पांढरा चेहरा, पट्ट्यांचा सदरा, चेपलेल्या टोपीत लाल फूल. आपली पोरं त्यातला पांढरा रंग तेवढा उचलतात. मागच्या रांगेला भुवया-ओठ दिसावेत म्हणून तो रंग. रंगाखाली चेहरा हललाच नाही तर उपयोग काय?

माझं माहेर पिंपळनेरकडचं. तिकडच्या भोवाड्यात, म्हणजे देवादिकांची सोंगं घेऊन नाचायच्या उत्सवात, लाकडी मुखवटा चढला की चेहरा झाकला जातो. मग खांदे, मान आणि पाय बोलतात. कोणी म्हणेल, तिथे संबळ वाजतोच ना? वाजतो, पण तो पायांना ठेका देतो, अर्थ समजावून सांगत बसत नाही.

विषयांचंही तेच. दर मूकनाट्यात शेवटी फाशीचा दोर निघतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तो का नाही कोणी करत? भाव पडला की विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

आयोजकांनी ठेका ठेवावा, शब्दांचं गाणं आणि निवेदन बंद करावं. आणि आपल्या बातमीदाराला सांगा, संदेश कोणता ते नाही लिहिलं तरी चालेल, कोणत्या पोराने काय करून दाखवलं ते दोन ओळीत लिहा.

– खापरावरच्या पोळ्या करणारी एक वाचक, अमळनेर